मुलाचे दुसरे वर्ष आणि आईचे दूध

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली व जमाखर्च ह्यांना अग्रस्थान असावे हे योग्यच आहे. परंतु संस्था म्हणजे अखेर तिच्या सभासदांची घरे, आणि घर म्हणजे प्रथम आई व मूल. म्हणून ह्या अंकाची काही पाने आम्ही एका घरगुती विषयासाठी मागून घेतली आहेत. हा विषय प्रत्येक घरात आहे, पण चारचौघांत त्याविषयी बोलण्याचा प्रघात नाही. मूल वर्षाचे झाल्यावर त्याला अंगावर पाजावे की नाही, पाजले तर किती दिवस, त्यात आईला काय सोसावे लागते व काय लाभते, हा तो विषय होय. आमच्या भगिनींनी हा लेख वाचावाच. परंतु घरातील पुरुषांनी व वडीलधाऱ्यांनीही तो वाचावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. कारण ह्यातील बऱ्याच अडचणी आईच्या शरीरातून नव्हे, तर आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यातून उत्पन्न होतात.

पहिल्या सहा महिन्यांविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. बाळ जन्मताच पहिल्या तासात त्याला छातीशी घ्यावे, चीक टाकून न देता पाजावा, मध किंवा साखरपाणी चाटवू नये, आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, हे दवाखान्यात, अंगणवाडीत व आशा कार्यकर्तीकडून सर्वांनी ऐकलेले आहे. ऐकले म्हणजे सर्वांनी आचरिले असे मात्र नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील शंभर बालकांपैकी सुमारे ६४ बालकेच केवळ आईच्या दुधावर होती, आणि पहिल्या तासात दूध मिळालेली शंभरांत ४२ च्या आसपास होती. तरीपण दिशा कोणती हे ठरलेले आहे.

वाद सुरू होतो तो पुढे. उष्टावण होते, पहिला वाढदिवस होतो, मूल भिंतीला धरून चालू लागते, आणि मग कोणीतरी म्हणते, "अगं, एवढा मोठा झाला, अजून पाजतेस? आता त्या दुधात काय आहे?" दुसरी म्हणते, "अंगावरचे तोडल्याशिवाय तो जेवायचा नाही." तिसरी म्हणते, "तुझीच तब्येत बघ किती उतरली." बोलणाऱ्या सर्वजणी प्रेमानेच बोलतात. पण त्या बोलण्याने आईच्या मनात संशय शिरतो, आणि मुलाला ज्या वेळी ह्या दुधाचा मोठा आधार असतो त्याच वेळी ते तुटते.

जुने शास्त्र आणि नवे शास्त्र

ह्या बाबतीत आपले पूर्वज काय सांगतात ते आधी पाहू. सुश्रुतसंहितेत आहारावरून मुलांचे तीन वर्ग केलेले आहेत. एक वर्षापर्यंतचे मूल ते क्षीरप, म्हणजे दूध पिणारे. दोन वर्षांपर्यंतचे ते क्षीरान्नाद, म्हणजे दूध व अन्न दोन्ही घेणारे. आणि त्यापुढचे ते अन्नाद. सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न सुरू करावे, असेही सुश्रुत सांगतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात आलेल्या मुलाला स्तनापासून क्रमाक्रमाने दूर न्यावे व त्याबरोबर हलके पण अंग भरणारे अन्न द्यावे, असा उपदेश आहे. त्यातील 'क्रमाने' ह्या शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. त्याचे प्रयोजन पुढे येईल.

मुसलमान बांधवांच्या कुराणातही मातेने मुलाला पूर्ण दोन वर्षे पाजावे, असा उल्लेख आहे; आणि आईबापांनी परस्परांच्या संमतीने त्याआधी सोडवले तरी दोष नाही, असेही तेथे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी २००२ साली जे धोरण प्रसिद्ध केले, त्यातही पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ आईचे दूध, असेच सांगितले आहे. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या भूमीत, परस्परांचा संबंध नसता दोन वर्षांचाच आकडा पुन्हा पुन्हा यावा, ह्याचा अर्थ तो अनुभवातून आलेला आहे.

दुसऱ्या वर्षीच्या दुधात काय असते

"वर्षानंतरचे दूध म्हणजे नुसते पाणी" हा समज खोटा आहे. दूध पातळ व निळसर दिसते म्हणून तसे वाटते. पण आईचे दूध मूळचेच तसे दिसते. गाईम्हशीच्या दुधासारखी साय त्यावर धरत नाही म्हणून त्यात सत्त्व नाही, असे नव्हे. दुसऱ्या वर्षी मूल दिवसाकाठी सुमारे ४५० मिलिलिटर दूध घेत असेल, तर त्यातून त्याच्या गरजेच्या जवळजवळ तीस टक्के उष्मांक, ४३ टक्के प्रथिने, ३६ टक्के कॅल्शियम, तीन चतुर्थांश 'अ' जीवनसत्त्व आणि साठ टक्के 'क' जीवनसत्त्व मिळते, असा हिशेब आहारशास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. घरातील कोणत्या एका पदार्थाचा असा हिशेब देता येईल?

शिवाय दुधात केवळ अन्न नसते. आईच्या शरीराने ज्या रोगांशी झुंज दिली, त्यांविरुद्धची संरक्षक द्रव्ये तिच्या दुधातून मुलाला मिळतात. दुधाचे मान उतरू लागले तरी ही द्रव्ये नाहीशी होत नाहीत. मूल रांगू व चालू लागले की, जमिनीवरचे सर्व काही तोंडात घालते, चार घरे फिरते, चार मुलांत खेळते. ज्या काळात त्याला अपाय होण्याचा संभव जास्त, त्याच काळात हे संरक्षण काढून घेणे शहाणपणाचे नाही.

आजारात तर ह्याचा प्रत्यय प्रत्येक आईला येतो. ताप किंवा जुलाब असता मूल भात थुंकते, वाटी ढकलून देते, परंतु छातीशी मात्र येते. त्या चार दिवसांत त्याच्या पोटात जे जाते ते बहुधा आईचेच दूध. जुलाबात अंगावरचे बंद करावे, हा जुना समज म्हणूनच घातक आहे. जुलाबात अंगावर अधिक वेळा पाजावे, बरोबर क्षारसंजीवनीचे पाणी द्यावे, आणि मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, किंवा डोळे खोल गेले तर विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे.

आईच्या दुधाचे मोल वैद्यकशास्त्राने किती मानले आहे, ह्याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या पुढाकाराने १९८९ साली आईच्या दुधाची पेढी सुरू झाली. आशिया खंडातील अशी ती पहिली पेढी होय. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी इतर माता आपले जास्तीचे दूध तेथे देतात. जे दूध पेढीत ठेवण्याइतके मोलाचे आहे, ते घरात असताना आपण निरुपयोगी म्हणावे हे विचित्र नव्हे काय?

दूध हवे, पण नुसते दूध नव्हे

येथे दुसऱ्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. काही घरांत वर्षाचे मूल रात्रंदिवस अंगावरच असते व अन्नाला शिवत नाही. आणि आई समाधान मानते की, पोटात काही तरी जाते आहे. हे बरे नव्हे. सहा महिन्यांनंतर केवळ दुधाने मुलाचे भागत नाही. विशेषतः लोह आईच्या दुधात फारच थोडे असते. जन्मतः शरीरात साठलेले लोह सहा महिने पुरते, मग ते अन्नातूनच यावे लागते. न आल्यास मूल पांढुरके व किरकिरे होते आणि त्याची भूकच मरते. आईला वाटते दुधामुळे जेवत नाही. खरे कारण बहुधा रक्त कमी असणे हे असते.

बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलाला दुधाखेरीज अन्नातून दिवसाला सुमारे ५५० उष्मांक मिळावे लागतात. त्यासाठी तीन-चार वेळा जेवण व मधून एक-दोन वेळा खाऊ द्यावा. मुलाचे पोट लहान, म्हणून थोड्या घासांत सत्त्व जास्त हवे. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी वर चमचाभर तूप घालून, नाचणीची पेज किंवा आंबील, जोंधळ्याची मऊ भाकरी वरणात कुस्करून, शिजवून कुस्करलेली पालेभाजी, केळे, शेंगदाण्याचे बारीक कूट, दही, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडे व मासे द्यावे. हे सर्व हुबळीच्या बाजारात मिळते व त्यासाठी डबाबंद पदार्थांची गरज नाही. पातळ वरणाचे पाणी, चहात बुडवलेले बिस्किट व पाकिटातील कुरकुरीत खाऊ ह्यांनी पोट भरते, पण अंग भरत नाही. मध एक वर्षापर्यंत मुळीच देऊ नये. त्यातून लहान बालकाला विषबाधा होण्याचा धोका असतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देण्याची सरकारी योजना आहे. तिचा लाभ घेण्यात कमीपणा मानू नये.

आपल्या देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी केवळ अकरा मुलांना पुरेसा व संमिश्र आहार मिळतो, असे वर उल्लेखिलेल्या पाहणीत आढळून आले. हा प्रश्न केवळ गरिबांचा नाही. भरल्या घरातही वाटी व चमचा घेऊन अर्धा तास मुलासमोर बसणारे कोणी नसते, हे त्याचे एक कारण आहे.

शाकाहारी घरांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. 'ब-१२' हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात नसते. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस ह्यांतून मिळते. आईच्या अंगात ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरते, आणि दीर्घकाळ केवळ त्या दुधावर असलेले मूल सुस्त होते, शिकलेल्या गोष्टी विसरते, कधी त्याचे हात थरथरतात. ह्यावर उपाय दूध तोडणे हा नव्हे, तर आईची तपासणी करून तिला व मुलाला औषध देणे हा होय.

आईच्या अडचणी

आता अडचणींकडे वळू. त्या खऱ्या आहेत. त्यांवर केवळ मातृत्वाच्या थोरवीचे पांघरूण घालणे आम्हांस मान्य नाही.

पहिली अडचण रात्रीची. दीड वर्षाचे मूल रात्री तीनतीनदा उठते आणि सकाळी सर्वांचा डबा आईनेच करायचा असतो. अशा वेळी संध्याकाळचे जेवण पोटभर द्यावे, निजण्यापूर्वी दूध पाजून दात ओल्या फडक्याने पुसावेत, आणि मध्यरात्री मूल उठल्यास एखादे वेळी वडिलांनी त्याला थोपटावे. मूल प्रथम रडेल, पण वडिलांच्या खांद्यावरही झोप लागते हे ते शिकेल. हे काम बापाचे नव्हे, असे ज्यांस वाटते त्यांनी एक रात्र तरी करून पाहावे.

दुसरी अडचण दातांची. मूल चावते, आई कळवळून ओरडते, आणि मुलाला तो खेळ वाटतो. चावल्यास ओरडू नये. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हलकेच बोट घालून स्तन सोडवावा, शांतपणे 'नाही' म्हणावे व थोडा वेळ पाजणे थांबवावे. चार-आठ दिवसांत बहुतेक मुले उमजतात.

तिसरी अडचण दूध साकळण्याची. अचानक पाजणे चुकले, प्रवास घडला, किंवा कपडा फार घट्ट झाला की, छातीत गाठ होते व ठणका लागतो. अशा वेळी पाजणे बंद करू नये. नेहमीप्रमाणे पाजत राहावे, थंड पाण्याच्या घडीने शेकावे, जोराने चोळू नये. ताप आला किंवा जागा लाल व कढत झाली तर डॉक्टरकडे जावे. बहुतेक औषधे चालू असताना पाजता येते. मात्र आपण अंगावर पाजतो हे डॉक्टरांना आधी सांगावे.

चौथी अडचण लाजेची. चालते-बोलते मूल पाहुण्यांसमोर पदर ओढते आणि आईला मेल्याहून मेल्यासारखे होते. दीड वर्षाच्या मुलाला थोडी शिस्त समजते. दूध कोठे व केव्हा मिळेल, हे ठरवून द्यावे. सकाळी उठल्यावर, दुपारी निजताना, रात्री, एका ठराविक खोलीत. मधेच मागितल्यास पाणी, फळ किंवा खेळ पुढे करावा. परंतु मुलाच्या देखत त्याची थट्टा करणे, "शी, मोठा झालास ना!" असे म्हणणे, हे पाहुण्यांनीही टाळावे. मूल लाजेने शहाणे होत नाही, ते फक्त चोरटे होते.

पाचवी आणि सर्वांत मोठी अडचण आईच्या थकव्याची. आपल्याकडे बाळंतिणीचे कोडकौतुक सव्वा महिना चालते. डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, मेथी, शेपा, गरम गरम भात, सर्व काही वेळेवर मिळते. सव्वा महिना संपला की तीच सून सर्वांच्या शेवटी, उरलेले जेवते. पाजणे मात्र दोन वर्षे चालू असते! पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० व पुढील सहा महिन्यांत सुमारे ५२० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे जवळजवळ एक जेवण अधिक. दुसऱ्या वर्षीही ती गरज एकाएकी संपत नाही. तेव्हा तिची तब्येत उतरली तर ती पाजण्याने नव्हे, उपाशी पाजण्याने उतरते. "तिचे दूध तोडा" म्हणण्यापूर्वी "तिला आधी वाढा" असे म्हणणारी सासू आमच्या मते खरी वैद्य होय.

पुन्हा दिवस राहिल्यास

मासिक पाळी येईपर्यंत दिवस राहात नाहीत, ह्या भरवशावर पुष्कळजणी असतात. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत, ते रात्रंदिवस केवळ अंगावरच्या दुधावर असेल व पाळी आलेली नसेल, तर ह्या समजुतीत पुष्कळ तथ्य आहे. पुढे मात्र तो भरवसा धरू नये. दुसरा उपाय योजावा.

दिवस राहिलेच तर पोटातल्या जिवाने दूध विषारी होते, असा समज आहे. तो निराधार आहे. दूध कमी होते, त्याची चव बदलते, आणि पुष्कळ मुले आपणच सोडतात. पण विष होत नाही. आईची प्रकृती चांगली असून पूर्वी गर्भपाताचा त्रास झाला नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजता येते. एका दिवसात मूल दूर लोटणे मात्र धोक्याचे आहे. डॉ. सिसिली विल्यम्स ह्या बाईंनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करीत असता मुलांच्या एका रोगाचे वर्णन १९३३ साली प्रसिद्ध केले. अंगावर सूज, केस तांबूस, कातडी सोललेली आणि मूल उदास, अशी त्याची लक्षणे होती. तेथील बायका त्या रोगाला 'क्वाशिओर्कर' म्हणत. धाकटे येताच आईच्या दुधापासून दूर झालेल्या थोरल्याचा आजार, असा त्या शब्दाचा भाव आहे. पुढे तोच शब्द साऱ्या जगाच्या वैद्यकात रूढ झाला. त्या अशिक्षित मातांनी रोगाचे नाव ठेवतानाच त्याचे कारण सांगून ठेवले होते.

दुकानात व कचेरीत जाणारी आई

आमचे अनेक सभासद व्यापारी आहेत. कोप्पीकर रोडच्या दुकानांतून आज कितीतरी मुली व विवाहित स्त्रिया उभ्याने काम करतात. त्यांपैकी एखादीचे मूल घरी आजीपाशी असते, आणि दुपारी दोनच्या सुमारास तिचा पदर भिजतो. ही गोष्ट ती मालकाला सांगू शकत नाही, आणि मालकाच्या ती ध्यानातही येत नाही.

ह्या बाबतीत आपल्या प्रांताची परंपरा जुनी आहे. हुबळी-धारवाड ज्या मुंबई इलाख्यात होते, त्या इलाख्याने १९२९ साली गिरणीकामगार स्त्रियांसाठी प्रसूतिभत्त्याचा कायदा केला. त्यापूर्वी १९२८ साली कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकास पाठिंबा दिला होता. पुढे १९६१ साली संपूर्ण देशासाठी कायदा झाला आणि त्यात मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या देण्याची तरतूद आली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, व पन्नास किंवा अधिक माणसे कामास असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरले. ह्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांसही रजेची व सुट्टीची तरतूद लागू आहे. ज्यांच्याकडे माणसे कमी आहेत त्यांस कायदा विचारणार नाही. पण माणुसकी विचारील.

कामावर जाणाऱ्या आईने निघण्यापूर्वी व परत येताच पाजावे, रात्री व सुटीच्या दिवशी मोकळेपणी पाजावे. मूल लहान असल्यास दूध काढून ठेवता येते. हात व भांडे स्वच्छ धुऊन, झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध थंड खोलीत चार तासांपर्यंत व फ्रिजमध्ये एक दिवसापर्यंत चांगले राहते. ते उकळू नये; भांडे कोमट पाण्यात ठेवून गरम करावे आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बाटली टाळावी, ती नीट स्वच्छ होत नाही. वर्षानंतर मूल दिवसा अन्नावर व सकाळ-संध्याकाळ अंगावर राहू शकते, म्हणून कामकरी आईला दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा सोपे जाते. मागणी तसा पुरवठा, हा व्यापाराचा नियम दुधालाही लागू आहे. दोनदाच पाजले तरी दोन वेळचे दूध येत राहते.

महाराष्ट्रात एस. टी. च्या बसस्थानकांवर पाजणाऱ्या मातांसाठी जी खोली ठेवलेली असते तिला 'हिरकणी कक्ष' म्हणतात. रायगडावर दूध विकून परतताना दरवाजे बंद झाले, म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. शिवाजी महाराजांनी तिच्या धैर्याचे कौतुक करून त्या जागी बुरूज बांधला, असे म्हणतात. आम्हांस तीत आणखी एक गोष्ट दिसते. दरवाजा वेळेवर उघडला गेला असता तर हिरकणीला कडा उतरावा लागला नसता. आजच्या आयांना शौर्य गाजवायला लावण्यापेक्षा दरवाजा उघडा ठेवणे बरे.

दूध कसे सोडवावे

केव्हातरी सोडवायचे हे खरेच. दोन वर्षांनंतर, किंवा आई व मूल ह्यांना जमेल तेव्हा, ते सोडवावे. कडुनिंबाचा रस, कोरफडीचा कडू गर किंवा तिखट लावणे, मुलाला आठ दिवस आजोळी ठेवून आईपासून तोडणे, ह्या रीती अजूनही चालतात. त्यांनी काम होते, परंतु मुलाच्या दृष्टीने त्याचा एकुलता एक विसावा एका रात्रीत कडू होतो, आणि आईच्या छातीत दूध साकळून ती तापाने पडते. वाग्भटाचा 'क्रमाने' हा शब्द येथे आठवावा.

आधी दुपारचे एक पाजणे कमी करून त्या वेळी मुलाला आवडीचे खाणे द्यावे. आठवडाभराने दुसरे कमी करावे. निजतानाचे सर्वांत शेवटी सोडावे. त्या जागी गोष्ट, अंगाई, आजीची कूस किंवा वडिलांचा खांदा द्यावा. मागितल्याशिवाय आपण होऊन देऊ नये, पण फारच मागितले तर झिडकारू नये. मूल आजारी असता, घर बदलताना, किंवा धाकटे भावंड जन्मताच हे काम सुरू करू नये. दीड-दोन महिने लागतील, पण रडारड होणार नाही.

ह्यातून काय लाभते

मुलाचे लाभ वर आलेच. आईचेही थोडे नाहीत. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, स्त्रीने आयुष्यात जितके दिवस पाजले असेल त्यातील दर बारा महिन्यांमागे तिचा स्तनाच्या कर्करोगाचा संभव ४.३ टक्क्यांनी कमी होतो. मधुमेहाचा संभवही कमी होतो, आणि आपल्या समाजात मधुमेह किती घरांत शिरला आहे हे सांगायला नको. वरच्या दुधाचा खर्च वाचतो हे व्यापारी मंडळींना वेगळे सांगायला नकोच.

डब्याच्या दुधाविषयी दोन शब्द. त्याची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तयार अन्नालाही ती लागू झाली. ह्या कायद्याच्या उद्देशाशी एकरूप होऊन काम करणारी, स्तनपानाचा पुरस्कार करणारी देशव्यापी संस्था १९९१ साली महाराष्ट्रातच, वर्धा येथे, स्थापन झाली ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. तथापि ज्या आईला काही कारणाने पाजता आले नाही किंवा लवकर थांबावे लागले, तिला कोणी दोष देऊ नये. आजार, जुळी मुले, दुःख, एकटेपणा ह्यांची कारणे बाहेरच्याला दिसत नाहीत. मूल दुधाने वाढते तसे मायेनेही वाढते, आणि माया कोणत्याही वाटीतून देता येते.

आपले कर्तव्य

लेख संपविण्यापूर्वी सभासदांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, आपल्या संस्थेच्या लग्नकार्यांत व सभासमारंभांत पाजणाऱ्या मातांसाठी एक स्वच्छ, पंखा व पडदा असलेली खोली राखून ठेवावी. सामानाची खोली किंवा न्हाणीघर त्यासाठी दाखवू नये. दुसरी, ज्यांची दुकाने आहेत त्यांनी पाजणाऱ्या कामकरी स्त्रीला तिची वेळ न मागता द्यावी. तिसरी, घरातील वडील स्त्रियांनी दोन वर्षांच्या आतील मुलाच्या आईला "अजून पाजतेस?" असे विचारण्याऐवजी "जेवलीस का?" असे विचारावे.

आमच्या कन्नड शेजारणी आईच्या दुधाला 'एदेहालु' म्हणतात, आपण 'अंगावरचे' म्हणतो. शब्द दोन, पण एकाच भिंतीच्या दोन बाजूंना तेच मूल त्याच हट्टाने रडते आणि तीच आई त्याच मायेने त्याला जवळ घेते. ज्या संस्थेने इतकी वर्षे विद्यार्थ्यांना पुस्तके व निराधारांना आधार दिला, तिने ह्या पहिल्या अन्नदानाचीही कदर करावी. ते दान कोणत्याही देणगीदारांच्या यादीत छापले जात नाही. परंतु त्या यादीतील प्रत्येक नाव त्यावरच वाढलेले आहे.